लहान गाडी म्हणजे नेमकी केवढी?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोटारींच्या आकाराविषयी आलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र दिली आहेत. प्रश्न निरनिराळ्या वाचकांचे असले तरी त्यांचा रोख एकच असल्यामुळे एका उत्तरातला तपशील पुढच्या उत्तरात पुन्हा उपयोगी पडलेला दिसेल.

प्रश्न : १९६० च्या सुमारास निघालेल्या फोर्ड फाल्कन या अमेरिकी गाडीविषयी वाचताना तिला सर्वत्र ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलेले आढळले. तिची लांबी मात्र ४.६ मीटर दिली होती. एवढी गाडी त्या काळी युरोपात चांगली मोठी समजली जात असणार. गाडी लहान, मध्यम की मोठी हे ठरवणारे एखादे आंतरराष्ट्रीय माप आहे की नाही?

उत्तर : असे माप नाही. गाडीची लांबी, रुंदी आणि उंची कशी मोजायची याचे संकेत आहेत, पण किती लांबीपर्यंत गाडीला लहान म्हणायचे याबाबत देशादेशांत एकमत नाही. एकाच देशातल्या दोन पिढ्यांतही ते नसते. एखादी गाडी मोठी आहे की लहान, हे माणूस मनाशी ठरवतो ते रस्त्यावर तिच्या शेजारून धावणाऱ्या गाड्या पाहून. मोजपट्टी त्यानंतर येते.

फाल्कनचेच उदाहरण पुढे नेऊ. १९५९ ची शेव्हरले इम्पाला ५.३६ मीटर लांब होती, आणि शेव्हरले हे काही धनिकांसाठीचे नाव नव्हते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात उभी राहणारी ती गाडी होती. त्याच वर्षीची कॅडिलॅक तर ५.७ मीटरच्या घरात गेली होती. या दोघींच्या शेजारी फाल्कन उभी केली की ती आटोपशीरच दिसणार. तिच्याबरोबरच बाजारात आलेल्या शेव्हरले कॉर्व्हेअर आणि प्लिमथ व्हॅलिअंट याही साडेचार ते पावणेपाच मीटरांच्या दरम्यानच्या होत्या आणि त्यांनाही ‘कॉम्पॅक्ट’च म्हटले गेले. हे बिरुद त्याआधी अमेरिकन मोटर्स कंपनीचे प्रमुख जॉर्ज रॉम्नी यांनी आपल्या रॅम्बलर गाडीसाठी रूढ केले होते. डेट्रॉइट या अमेरिकी मोटारउद्योगाच्या केंद्रातून निघणाऱ्या थोराड गाड्यांना ते खुशाल डायनोसॉर म्हणत. नेमक्या त्याच काळात ब्रिटनमध्ये फोर्डचीच झेफिर ही सहा सिलिंडरची गाडी ऐसपैस, मोठी गाडी म्हणून विकली जात होती आणि तिची लांबी साधारण साडेचार मीटर होती. म्हणजे एकाच कंपनीची, अटलांटिकच्या एका काठावर लहान ठरलेली गाडी दुसऱ्या काठावरच्या मोठ्या गाडीपेक्षा किंचित लांबच होती.

उलट दिशेने जाणारे उदाहरण फोक्सवॅगन बीटलचे आहे. तिची लांबी सुमारे ४.०७ मीटर. पन्नाशीच्या दशकात जर्मन रस्त्यांवर जेमतेम २.३ मीटरची बीएमडब्ल्यू इसेटा आणि २.९ मीटरची गोगोमोबिल अशा चिमुकल्या गाड्या हिंडत होत्या, आणि ज्या कुटुंबाकडे कालपरवापर्यंत मोटारसायकल होती त्याच्या दृष्टीने बीटल ही चांगली भरभक्कम, पूर्ण आकाराची मोटार होती. तीच गाडी अमेरिकेत गेल्यावर खेळण्यासारखी दिसू लागली. १९५९ मध्ये डॉइल डेन बर्नबाख या जाहिरात संस्थेने तिच्या लहानपणाचेच भांडवल केले : पानभर मोकळी पांढरी जागा आणि एका कोपऱ्यात टिकलीएवढी गाडी. ही जाहिरात त्या काळच्या जर्मन वाचकापुढे ठेवली असती तर त्यातली गंमत त्याला मुळीच कळली नसती, असे आम्हांला वाटते.

लोकांच्या नजरेबरोबरच सरकारी मापेही वेगवेगळी आहेत, आणि ती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सेडान गाड्यांचे वर्ग पाडते ते बाहेरच्या लांबीवरून नव्हे, तर प्रवाशांची जागा आणि सामानाची जागा यांच्या एकत्रित घनफळावरून. १०० ते ११० घनफूट असेल तर कॉम्पॅक्ट, ११० ते १२० असेल तर मध्यम, आणि १२० किंवा त्याहून अधिक असेल तर मोठी. या हिशेबामुळे २००८ ची होंडा अकॉर्ड, जिला अमेरिकी ग्राहक वर्षानुवर्षे मध्यम गाडी समजत आले होते, ती कागदोपत्री मोठ्या गाड्यांच्या वर्गात जाऊन बसली. तर लांबलचक बॉनेटची, पण आत दाटीवाटी असलेली एखादी महागडी, दोन दारांची कूपे याच हिशेबाने लहान वर्गात जाऊ शकते. युरोपात बाजाराचे ए, बी, सी, डी असे अक्षरांचे गट पाडण्याची रीत आहे, पण त्या गटांना सेंटिमीटरची काटेकोर सीमा नाही. कोणती गाडी कोणत्या गाडीशी स्पर्धा करते, यावरच ते मुख्यतः ठरतात.

जपानमध्ये मात्र सगळा कारभार मोजपट्टीचा आहे, आणि म्हणून या विषयात जपानइतका शिकवणारा देश दुसरा नाही. तिथल्या ‘केई’ या सर्वांत लहान वर्गातील गाडी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ३ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद असू शकत होती. १९५८ ची सुबारू ३६० ही २.९९ मीटरची गाडी त्या चौकटीत अक्षरशः मापून बसवलेली होती. ही चौकट १९७६, १९९० आणि १९९८ मध्ये सैल करण्यात आली आणि आज ती ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी इंजिन अशी आहे. त्यावरचा वर्ग ४.७ मीटर लांबी, १.७ मीटर रुंदी आणि पेट्रोल गाडीसाठी २००० सीसी इंजिन यांच्या आत राहणाऱ्या गाड्यांचा. यांपैकी एक मर्यादा जरी ओलांडली तरी गाडी वरच्या वर्गात जाई, आणि १९८९ पर्यंत त्या वर्गाला जबर कर होता. त्या वर्षी करपद्धती बदलली, रुंदीचा दंड गेला, आणि पुढच्याच वर्षी मित्सुबिशीची दियामान्ते ही पावणेदोन मीटरांहून रुंद गाडी येऊन गाजलीही. तरीही १.७ मीटरची रेघ जपानी माणसाच्या मनातून पुसली गेली नाही. गल्ल्या तेवढ्याच होत्या, आणि यांत्रिक पार्किंगच्या मनोऱ्यांतले पाळणेही तेवढेच होते. १९९७ च्या अखेरीस होंडाने अकॉर्डची नवी पिढी काढली तेव्हा जपानसाठी ती १.६९५ मीटर रुंदीची, म्हणजे मर्यादेच्या अर्धा सेंटिमीटर आत, आणि अमेरिकेसाठी जवळजवळ १.७९ मीटर रुंदीची बनवली. अमेरिकी अकॉर्ड लांबीलाही सुमारे १६ सेंटिमीटरांनी जास्त होती. नाव एक, गाडीचा मूळ आराखडा एक, आणि आकार मात्र ज्या देशाच्या डोळ्यांना जो रुचेल तो.

याहून मजेदार प्रकार सुझुकी जिम्नीचा. २०१८ च्या जिम्नीची बसायची जागा, दारे, काचा सगळे सारखेच ठेवून जपानमध्ये ती दोन वर्गांत विकली जाते. एक ३.३९५ मीटर लांब आणि १.४७५ मीटर रुंद, म्हणजे केई वर्गातली, दुसरी ३.५५ मीटर लांब आणि १.६४५ मीटर रुंद, म्हणजे त्यावरच्या वर्गातली. दोघींत बाहेरून जो फरक दिसतो तो बंपर आणि चाकांवरच्या रुंद प्लॅस्टिकच्या कमानी यांचा आहे. इंजिन आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वेगळे आहे हे खरे, पण आत बसलेल्या माणसाला आपण लहान गाडीत आहोत की त्याहून मोठ्या, हे गुडघ्यांवरून सांगता येणार नाही.

भारतानेही २००६ च्या अर्थसंकल्पात अशीच एक रेघ ओढली : लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत असेल तर गाडी लहान आणि तिच्यावरचा उत्पादन शुल्काचा दर कमी. या रेघेने गाड्यांच्या डिक्या छाटल्या. मारुती सुझुकीची डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा ४.१६ मीटर लांब होती. २०१२ ची नवी डिझायर ३.९९५ मीटरची झाली आणि तिची शेपटी आखडल्यासारखी दिसू लागली. रुंदीला या नियमात स्थान नाही, हा आमच्या मते त्यातला मोठा दोष आहे. त्याचे कारण शेवटच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मूळची मिनी आणि आजची मिनी शेजारी शेजारी उभ्या असलेले छायाचित्र पाहिले. नवी गाडी जुन्या गाडीला गिळून टाकील अशी दिसते. नाव तेच असताना गाडी पिढीगणिक वाढतच का जाते?

उत्तर : आधी आकडे पाहू. डिझाइनर अलेक इसिगोनिस यांची १९५९ ची मिनी ३.०५ मीटर लांब आणि १.४१ मीटर रुंद होती. २०१४ ची तीन दारांची मिनी ३.८२ मीटर लांब आणि १.७३ मीटर रुंद आहे. त्याच नावाखाली निघणारी आजची कंट्रीमन तर सुमारे ४.४ मीटरची आहे, म्हणजे हिंदुस्थान अँबॅसडरपेक्षाही लांब. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, या म्हणीची येथे उलटी तऱ्हा झाली आहे.

मिनी एकटी नाही. १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ ३.७ मीटरची होती, आठव्या पिढीची गोल्फ ४.२८ मीटरची आहे. १९७५ मध्ये आलेली पहिली बीएमडब्ल्यू ३ सिरीज ४.३६ मीटरची होती; आजची ४.७१ मीटरची असून १९८१ च्या ५ सिरीजपेक्षाही लांब भरते. होंडाची आजची सिव्हिक सेडान पहिल्या अकॉर्डहून अर्ध्या मीटरने मोठी आहे. आणि ज्या बीटलला अमेरिकेत टिकलीएवढी दाखवले गेले होते तिच्याइतकीच लांबी आज फोक्सवॅगनच्या पोलोची आहे, जी आता युरोपात लहान हॅचबॅक समजली जाते.

याचे सर्वांत ठोस कारण सुरक्षिततेचे आहे. धडकेची ऊर्जा शोषण्यासाठी गाडीच्या पुढच्या आणि मागच्या भागात चुरगळण्यासारखी लांबी लागते, आणि बाजूने धडक बसल्यास माणूस आणि दार यांच्यात अंतर, दारात पोलादी पट्टी आणि एअरबॅग लागते. १९९७ पासून युरो एनकॅप या युरोपातल्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर होऊ लागले आणि तारे मोजूनच गाडी घेण्याची सवय लोकांना लागली, तेव्हापासून हे अंतर कमी करण्याची सोय कोणत्याच कंपनीला उरली नाही. जपानने १९९८ मध्ये केई गाडीची चौकट सैल केली तीही मुख्यतः धडकेपासूनच्या संरक्षणासाठीच. आजची पूर्ण मापाची केई गाडी, म्हणजे जपानच्या दृष्टीने लहानात लहान, मूळ मिनीपेक्षा ३५ सेंटिमीटर लांब आहे.

तरीही सगळी वाढ सुरक्षिततेच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही. कंपन्यांची एक साधी व्यापारी सवय त्यामागे आहे. ज्याने दहा वर्षांपूर्वी गोल्फ घेतली त्याला आता मुले मोठी झाल्यामुळे अधिक जागा हवी असते, आणि तो दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून पुढची गोल्फ थोडी वाढवली जाते. असे दोनतीनदा झाले की खाली जागा रिकामी होते, आणि ती भरायला नवे नाव आणावे लागते. फोक्सवॅगनने १९७५ मध्ये साडेतीन मीटरची पोलो आणली. पोलो वाढली म्हणून १९९८ मध्ये लुपो आणली. आणि २०११ मध्ये अप नावाची जी गाडी आणली तिची लांबी ३.५४ मीटर, म्हणजे जवळजवळ पहिल्या पोलोएवढीच होती. आकार बाजारातून नाहीसा झाला नव्हता. त्यावरची पाटी बदलली होती. म्हणून दोन काळांची तुलना करताना नावाला नाव लावू नये, मापाला माप लावावे. आता तर ही खालची पायरीही उखडली जाते आहे, कारण उत्सर्जन आणि सुरक्षिततेच्या यंत्रणांचा खर्च लहान गाडीतही जवळजवळ मोठ्या गाडीइतकाच येतो आणि तो तिच्या किमतीतून भरून निघत नाही. अपचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले.

अमेरिकेत यात कायद्याचाही हात आहे. १९७० च्या दशकात तिथे इंधन-कार्यक्षमतेचे जे नियम झाले त्यांत मालवाहू पिकअप आणि तत्सम गाड्यांना मोटारींपेक्षा सौम्य उद्दिष्ट मिळाले. २०१० नंतरच्या नियमांत तर गाडीच्या चार चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावरून उद्दिष्ट ठरू लागले, म्हणजे जितके क्षेत्रफळ मोठे तितकी सवलत अधिक. ज्या नियमाने गाड्या काटकसरी व्हायच्या त्यानेच त्यांना पसरायला वाव दिला, असा आरोप अभ्यासक बराच काळ करत आले आहेत आणि तो आम्हांला पटतो.

प्रश्न : जुन्या गाड्यांत बसले असता आत जागा पुष्कळ वाटते, आणि बाहेरून मात्र त्या फारच चिमुकल्या दिसतात. हा केवळ नजरेचा भ्रम आहे का?

उत्तर : थोडा भ्रम आहे, थोडे वास्तव. वास्तव असे की, मूळ मिनीत इंजिन आडवे बसवून आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीत ठेवून गाडीच्या तळाचा बहुतेक भाग माणसांना आणि सामानाला मोकळा करून दिलेला होता. दाराचा पत्रा एकेरी होता, काचा बाजूला सरकवून उघडायच्या असल्यामुळे त्या खाली उतरवण्याची यंत्रणाच दारात नव्हती, आणि त्या पोकळीत मोठाला खण करता आला होता. आजच्या दारात काचेची मोटर, स्पीकर, पोलादी पट्टी आणि अस्तर असा सगळा संसार असतो. बाहेरून वाढलेल्या रुंदीतला बराच भाग दोन्ही दारांच्या जाडीतच जिरतो.

भ्रम चाकांचा आणि काचांचा आहे. जुन्या मिनीची चाके १० इंची होती. आज १७ किंवा १८ इंची चाकांत आश्चर्य वाटण्यासारखे काही राहिलेले नाही. चाक मोठे केले की छायाचित्रात गाडीचा देह त्या मानाने आटोपशीर दिसतो, आणि कागदावरच्या रेखाचित्रांत चाके फुगवून काढण्याची डिझाइनरांची सवय या कारणाने जुनी आहे. आजच्या गाड्यांची काचेखालची कड उंच असते, त्यामुळे आत बसलेला माणूस खोल बसल्यासारखा वाटतो आणि जागा असूनही कोंडल्यासारखे होते. जुन्या गाडीत छताचे खांब बारीक आणि काचा मोठ्या असल्याने उजेडच जागेचा भास वाढवतो.

प्रश्न : गाड्या वाढल्याचेच ऐकतो. त्या कधी लहानही झाल्या आहेत काय?

उत्तर : झाल्या आहेत, आणि एकदा तर फार वाजतगाजत. १९७३ च्या तेलसंकटानंतर जनरल मोटर्सने १९७७ च्या मॉडेलांसाठी आपल्या मोठ्या गाड्या मुद्दाम घटवल्या. शेव्हरलेची इम्पाला आणि कॅप्रिस ही जोडी सुमारे २७ सेंटिमीटरांनी आखूड आणि जवळजवळ ३०० किलोंनी हलकी झाली, आणि तरीही डोक्यावरची आणि मागच्या प्रवाशांच्या पायांची जागा वाढली होती. वाया जात होता तो नुसता पत्रा, असा याचा सरळ अर्थ. ग्राहकांना ही आखूड गाडी रुचेल का, याची धाकधूक होती. फोर्डने तर आपल्या न घटवलेल्या गाड्यांचा मोठेपणा जाहिरातींतून मिरवून घेतला. पण घटवलेल्या शेव्हरलेने उत्तम धंदा केला आणि दोन वर्षांत फोर्डलाही त्याच वाटेने जावे लागले.

मौज अशी की, त्या वेळी लोकांना एकदम लहान झालेली वाटलेली ही गाडी ५.३९ मीटरची होती. आज जगभर भव्यतेचा मानदंड समजल्या जाणाऱ्या मर्सिडीज एस क्लासचे लांब रूप ५.२९ मीटरचे आहे. लहान झाल्याची भावना कालच्या गाडीशी तुलना करून येते, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. १९७७ चा अमेरिकी माणूस कॅप्रिसकडे पाहून सुस्कारा टाकत होता आणि त्याच गाडीत आजचा युरोपीय माणूस पार्किंगच्या चिंतेने घामाघूम झाला असता.

अलीकडची उदाहरणे किरकोळ आहेत. प्युजोची २०८ ही आधीच्या २०७ पेक्षा सुमारे ७ सेंटिमीटरांनी आखूड निघाली. माझदाची २०१५ ची एमएक्स-५ ही १९८९ च्या पहिल्या एमएक्स-५ पेक्षाही ५ सेंटिमीटरांनी आखूड आहे, आणि त्याबद्दल तिचे कौतुकही पुष्कळ झाले. मात्र ती पहिलीपेक्षा ६ सेंटिमीटरांनी रुंद आहे, ही गोष्ट कौतुक करताना सहसा कोणी सांगत नाही.

प्रश्न : एवढे आकडे पाहून गोंधळ उडतो. दोन देशांतल्या किंवा दोन काळांतल्या गाड्यांची तुलना करताना एकच आकडा पाहायचा झाल्यास कोणता पाहावा?

उत्तर : रुंदी. लोक लांबीविषयी बोलतात, कर बहुधा लांबीवर किंवा इंजिनावर बसतो, आणि रुंदी मात्र गुपचूप वाढत जाते. बीटल आणि आजची पोलो यांची लांबी जवळजवळ सारखी असल्याचे वर आलेच आहे; पण बीटल १.५४ मीटर रुंद होती आणि पोलो १.७५ मीटर आहे. अँबॅसडर आणि आजची गोल्फ यांच्या लांबीतही फारसे अंतर नाही, दोघी ४.३ मीटरच्या आसपास. रुंदीत मात्र गोल्फ १३ सेंटिमीटरांनी पुढे आहे. गंमत म्हणजे यातली एक गाडी भारतात दशकानुदशके मंत्र्यांची, साहेबांची मोठी गाडी म्हणून वावरली आणि दुसरी ब्रिटनमध्ये लहान कौटुंबिक गाडी गणली जाते. ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या युरोपीय संस्थेने २०२४ च्या आरंभी मांडलेल्या हिशेबानुसार युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाडीची सरासरी रुंदी दर दोन वर्षांनी साधारण एक सेंटिमीटर वाढत आली असून २०२३ मध्ये ती १८० सेंटिमीटरच्या वर गेली.

एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. ब्रिटनमध्ये पार्किंगच्या एका जागेची प्रमाणित रुंदी २.४ मीटर धरली जाते. तिथे दोन बीटल आपापल्या जागेच्या मधोमध उभ्या केल्या तर त्यांच्यामध्ये ८६ सेंटिमीटर अंतर उरते आणि दोन्हीकडची माणसे सहज उतरतात. दोन १.८० मीटर रुंदीच्या गाड्या उभ्या केल्या तर ६० सेंटिमीटर उरते, आणि त्यातच दोन्ही गाड्यांची जाड झालेली दारे उघडायची असतात. १.९२ मीटर रुंदीची टेस्ला मॉडेल वाय दोन्हीकडे असेल तर उरते ४८ सेंटिमीटर. एकाने दार उघडले की दुसऱ्याने थांबायचे.

अमेरिकेत रुंदीला एक चमत्कारिक अडसर आहे. ८० इंच, म्हणजे २.०३ मीटर, किंवा त्याहून रुंद वाहनाला तिथे छतावर आणि कडांना ओळखीचे जादा दिवे लावावेच लागतात. म्हणून फोर्ड एफ-१५० सारखे लोकप्रिय पिकअप ७९.९ इंचांवर येऊन थबकलेले दिसतात, आणि तिचेच रॅप्टर हे अधिक रुंद रूप पुढच्या बाजूला छोटे पिवळे दिवे मिरवते. या दिव्यांना पुष्कळजण शोभेचे समजतात. जपानमध्ये केई आणि त्यावरचा वर्ग यांच्या सीमेवर जे होते तेच इथेही झाले आहे, फक्त रेघ ५५ सेंटिमीटर पलीकडे आखलेली आहे.

रुंदीचा आकडा पाहताना एक सावधगिरी बाळगावी. माहितीपत्रकात जी रुंदी छापतात ती बहुतेक वेळा आरसे सोडून असते. एफ-१५० आरशांसह सुमारे २.४३ मीटर होते. मॉडेल वाय आरशांसह २.१३ मीटर. जर्मनीत महामार्गाचे काम चालू असते तिथे डावी, जलद मार्गिका अरुंद करून तिच्यावर २ किंवा २.१ मीटरची मर्यादा लिहिलेली असते आणि ती आरशांसह मोजली जाते. आपली गाडी १.८५ मीटरची आहे अशा समजुतीने निर्धास्तपणे त्या मार्गिकेत शिरणारे अनेक चालक नकळत नियम मोडत असतात. कंपनीने आरशांसहची रुंदी दिलेली नसेल तर दोन्ही आरसे उघडे ठेवून, एका आरशाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत फीत धरून ती स्वतः मोजावी, आणि तुलनेसाठी तोच आकडा वापरावा.